परगावी जाताना सोबत कुत्रा असेल तर…

‘आई, बाबा, महिनाभर इकडे या’ असे लेकीचे किंवा मुलाचे बोलावणे येते. मन आनंदते आणि पुढच्याच क्षणी पायाशी झोपलेल्या कुत्र्याकडे लक्ष जाते. याचे काय करायचे? शेजाऱ्यांकडे ठेवावे तर ते खात नाही, श्वानगृहात ठेवावे तर आपल्याला झोप लागत नाही. मग प्रवास पुढे ढकलला जातो. पुढे तो राहूनच जातो. जोडीदार गेल्यानंतर एकटे राहणाऱ्या अनेक ज्येष्ठांच्या बाबतीत हे घडताना मी पाहतो. सकाळी उठण्याचे, फिरायला बाहेर पडण्याचे निमित्त त्या मुक्या जिवाने दिलेले असते. त्याला टाकून जायचे नाही, ही भावना समजण्यासारखी आहे.

अशा वेळी वाचक विचारतात, ‘कुत्र्याला नेल्याने आजार तर होणार नाही ना?’ लसीकरण झालेल्या, निरोगी कुत्र्यापासून ती भीती अल्प असते. वृद्धांना खरा धोका असतो तो पडण्याचा. आपल्या घरातील प्रत्येक उंबरठा पायांना पाठ असतो. परक्या शहरात तसे नसते. त्यात हातात दोरी आणि तिच्या टोकाला बावरलेला कुत्रा! साठीनंतर मनगट किंवा खुब्याचे हाड मोडले की महिनाभराचा पाहुणचार सहा महिन्यांच्या शुश्रूषेत बदलू शकतो. म्हणून प्रवासाची आखणी या एका गोष्टीभोवती करावी.

निघण्यापूर्वी

सर्वप्रथम यजमानांशी मोकळेपणाने बोलावे. लेकीच्या घरी तिचे सासू-सासरे राहत असतील तर त्यांची संमती वेगळी आणि आधी घ्यावी. संकोचाने दिलेला होकार चौथ्या दिवशी सर्वांनाच जड जातो. घरात कोणाला दमा आहे का, तान्हे बाळ आहे का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, हे विचारावे. उत्तर ‘हो’ असल्यास त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय निघू नये. आपला तोल जात असेल, उठताना चक्कर येत असेल किंवा कुत्रा आपल्याला ओढून नेण्याइतका दांडगा असेल, तर फिरवण्याची जबाबदारी तिकडे दुसऱ्या कोणी घ्यायची, हे आधीच ठरवावे. तशी सोय होत नसेल तर या वेळी त्याला ओळखीच्या माणसाकडे ठेवणेच शहाणपणाचे. त्यात निष्ठुरपणा नाही.

कुत्र्याची रेबीजची वार्षिक लस, लेप्टोस्पायरोसिसची लस, जंतांचे औषध आणि गोचिडांवरील उपाय पूर्ण करून घ्यावेत. लसीकरणाची पुस्तिका आणि पशुवैद्यकांचा प्रवासयोग्यतेचा दाखला आपल्या औषधांच्या पिशवीतच ठेवावा. रेल्वेने जाणार असाल, तर कुत्र्याला सोबत नेण्याची सोय केवळ प्रथम वर्गात आहे, तीही दोन किंवा चार शायिकांची संपूर्ण खोली आपल्या नावावर असेल तरच. त्यासाठी स्थानकावरील पार्सल कार्यालयात वेगळी नोंद करावी लागते. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीत एकट्याने प्रवास करावा लागतो. वयस्कर किंवा भित्र्या कुत्र्याला तो मानवत नाही.

वाटेत

बहुतेक जण मोटारीने जाणे पसंत करतात. उदाहरणार्थ, कोल्हापूर ते बंगळुरू हे अंतर सुमारे सहाशे किलोमीटर आहे. ते एका दिवसात तोडण्याचा आग्रह धरू नये. हुबळी किंवा दावणगेरे येथे मुक्काम करावा. दर दोन तासांनी थांबावे. कुत्र्याला त्याची गरज असते, पण आपल्यालाही तितकीच असते. बराच वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांवर सूज येते, क्वचित शिरेत रक्ताची गुठळी होते. ‘वारंवार उतरावे लागेल’ म्हणून पाणी कमी पिणे किंवा लघवी वाढवणारी गोळी परस्पर टाळणे, या दोन्ही गोष्टी अंगाशी येतात. गोळीची वेळ बदलायची असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

कुत्र्याला मांडीवर घेऊन पुढे बसू नये. अचानक ब्रेक लागल्यास दोघांनाही इजा होते. त्याला मागच्या आसनावर छातीपट्ट्याने बांधावे. दार उघडण्यापूर्वी दोरी अडकवलेली असावी. बंद मोटारीत त्याला ‘पाच मिनिटे’ही ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो आणि तापलेल्या बंद गाडीत ते शक्य होत नाही. आपले इन्सुलिनही अशा गाडीत राहू देऊ नये.

नव्या घरातील पहिले तीन दिवस

हे दिवस सर्वाधिक सांभाळायचे. रात्री दोन वाजता लघवीसाठी उठावे, दिव्याचे बटण सापडू नये, पलंगाशेजारी कुत्रा झोपलेला असावा किंवा त्याच्या वाटीतील पाणी गुळगुळीत फरशीवर सांडलेले असावे, असे पडण्याचे प्रसंग ठरलेले असतात. म्हणून कुत्र्याचे अंथरूण आणि पाण्याची वाटी पलंग व न्हाणीघर यांच्या वाटेत कधीही ठेवू नये. त्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसून मगच उभे राहावे.

फिरायला जाताना दोरी मनगटाला गुंडाळू नये. ती तळहातात धरावी, म्हणजे प्रसंगी सोडून देता येते. लांब-आखूड होणारी दोरी टाळावी. ज्यांना काठी लागते त्यांनी दुसऱ्या हातात दोरी धरू नये. जिना उतरताना कुत्रा पुढे धावतो; लिफ्ट असेल तर तीच वापरावी. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचना सांगतात. तरीही रिकामी लिफ्ट येईपर्यंत थांबल्याने शेजार गोड राहतो. पहिले दोन-तीन दिवस घरातील कोणाला तरी सोबत घ्यावे, कारण गल्लीतील कुत्री नवख्या कुत्र्यावर धावून येतात. अशा वेळी त्याला उचलण्यासाठी खाली वाकू नये.

पडल्यावर डोक्याला मार लागला आणि आपण रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल, तर ‘काही झाले नाही’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. वृद्धांत डोक्यातील रक्तस्राव सावकाशही होतो. दोन-तीन आठवड्यांनंतर डोके दुखणे, विसरायला होणे किंवा चालताना झोक जाणे सुरू झाल्यास ते पडणे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागून ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रक्त आले असल्यास लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी, त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ या दिवशी घ्यायची असते. परगावी सुरू झालेली लस आपल्या गावी पूर्ण करता येते. त्यासाठी नोंदीचा कागद जपावा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते, म्हणून एकही मात्रा चुकवू नये.

गोळ्या, लाडू आणि नातवंडे

पाहुणे म्हणून गेल्यावर आपली गोळ्यांची डबी टेबलावर उघडी राहते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांसारख्या आपल्या साध्या गोळ्याही कुत्र्याला विषारी ठरतात. गोळी खाली पडली तर ती सापडेपर्यंत कुत्र्याला दूर ठेवावे. नातवंडे प्रेमाने घास भरवतात. परंतु बेदाणे घातलेला लाडू, कांदेपोहे आणि चॉकलेट त्याला देऊ नयेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगावे. लहान मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडू नये. घरचा कुत्रा कितीही गरीब असला तरी नव्या जागी तो घाबरलेला असतो. तो खात किंवा झोपलेला असताना त्याला हात लावायचा नाही आणि त्याच्याशी खेळल्यावर हात धुवायचे, एवढे दोन नियम मुलांना पुरतात.

मुलांसाठी दोन शब्द

आई-वडिलांची काळजी घेणाऱ्या मुलामुलींनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. छातीत दुखत असतानाही ‘आधी कुत्र्याची सोय होऊ द्या’ म्हणून दाखल होण्यास नकार देणारे वृद्ध डॉक्टरांना भेटतात. परक्या शहरात, जिथे हाक मारायला जुना शेजारी नसतो, हा विलंब जिवावर बेतू शकतो. म्हणून ते येण्यापूर्वीच त्यांना सांगा, ‘तुम्हाला काही झाले तर याचे सारे मी पाहीन.’ या आश्वासनाने ते दुखणे लपवणार नाहीत.

आणि एक कागद फ्रिजवर लावा. वरच्या अर्ध्या भागात आई-वडिलांचे आजार, औषधे, ॲलर्जी, गावाकडील डॉक्टरांचा क्रमांक आणि जवळचे रुग्णालय. खालच्या अर्ध्या भागात कुत्र्याचे जेवण, फिरण्याच्या वेळा आणि जवळच्या पशुवैद्यकांचा क्रमांक. मध्यरात्री घाई झाली, तर घरातील कोणीही तो वाचून दोघांची व्यवस्था करू शकेल.