ताईची अठ्ठेचाळीस मिनिटे

बँकेत ३६ वर्षे इतरांच्या खात्यांवर नजर ठेवली. घरातील एका खात्यातून मात्र रोज थोडीथोडी रक्कम काढली जात आहे, हे लक्षात येण्यास मला सात महिने लागले. ते खाते होते माझ्या थोरल्या नातीच्या वेळेचे.

नात १४ वर्षांची आहे. दम्याच्या त्रासामुळे गेल्या वर्षी तिची निम्मी शाळा बुडाली. बसचा प्रवास व रस्त्यावरची धूळ तिला सोसेना. तेव्हा मुलाने व सूनबाईंनी तिला घरीच शिकवण्याचे ठरवून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत दहावीसाठी तिचे नाव नोंदविले. तिच्या पाठीवर नऊ वर्षांचा भाऊ व चार वर्षांची जुळी. मुलाचे भुसार मालाचे दुकान सकाळी नऊला उघडते ते रात्री आठलाच बंद होते. म्हणजे शिकवणारी एकटी सूनबाई, आणि तिच्या पदराला दोन्ही बाजूंनी धरलेली जुळी.

आपल्या समाजात या मार्गाविषयी अजूनही शंका घेतली जाते, म्हणून थोडी माहिती देतो. ही संस्था केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापन केली. दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते; परंतु ते एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होतात. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि एकदा सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. माझ्या भाषेत सांगायचे तर पाच विषयांचे कर्ज हप्त्यांनी फेडण्याची मुभा आहे. आजारी मुलासाठी ही सवलत फार मोलाची.

सवलतीत एक खड्डा मात्र आहे, आणि आम्ही सगळे त्यात पडलो. शाळेत घंटा असते, फाटक असते. तिथे गेलेल्या मुलाला कोणी हाक मारू शकत नाही. घरी शिकणारी मुलगी मात्र घरातच असते, आणि घरात आहे म्हणजे मोकळी आहे, असा घरच्यांचा समज होतो. त्यातून ती थोरली आणि मुलगी असेल, तर बोलायलाच नको.

एप्रिलमध्ये तिने मराठी व सामाजिक शास्त्र हे दोन विषय दिले व दोन्ही सुटले. गणित मात्र अडले. मी एम.कॉम. झालेला, बँकेतून निवृत्त झालेला आजोबा. पावकी-निमकीपासून दिडकी-अडीचकीपर्यंत पाठ असलेला. मी तिला जरा अधिकारानेच म्हटले, ‘‘बेटा, मन एकाग्र करत जा.’’ ती काही बोलली नाही. बोलल्या त्या सूनबाई. ‘‘बाबा, एक आठवडा तिच्याजवळ बसून तुम्हीच पाहा ना,’’ एवढेच त्या म्हणाल्या.

जुन्या सवयीने मी वही घेतली. अभ्यासाची वेळ सकाळी दहा ते एक. पहिल्याच दिवशी त्या तीन तासांत तिला सतरा हाका आल्या. सलग शांततेचा सर्वांत मोठा तुकडा अकरा मिनिटांचा. जुळ्यांचे भांडण, दाराची बेल, दूध ऊतू जाणे, हिच्या वेणीची रिबिन, त्याच्या पायजम्याची नाडी. एखादे समीकरण अर्ध्यावर टाकून ती उठायची आणि परतल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची. त्या सतरांपैकी सहा हाका माझ्या होत्या, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. चष्मा, पाणी, मोबाईलवर आलेला ओटीपी. तिच्या जागी नातू असता तर मी सहा वेळा हाक मारली असती का, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही. विचारला असता तर उत्तर देणे जड गेले असते.

उपाय घरातच होता. माझी पत्नी रोज सामायिकाला बसते. वाळूचे घड्याळ उलटे केले की ४८ मिनिटे तिला कोणी हाक मारत नाही. दूध ऊतू गेले तरी नाही. जुळ्यांनाही ते ठाऊक आहे. ‘दादीची वाळू चालू आहे’ असे ती एकमेकांना कुजबुजत सांगतात. सूनबाईंनी सुचविले की ताईच्या टेबलावरही तसेच एक घड्याळ असावे. पत्नीला प्रथम ते रुचले नाही. ‘‘सामायिक ते सामायिक, गणित ते गणित,’’ ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात स्थानकाजवळच्या दुकानातून दुसरे घड्याळ मात्र तिनेच आणले.

आता दिवसातून तीनदा ताईची वाळू चालते. पहिली पहाटे, घर उठण्यापूर्वी, तेव्हा गणित. दुसरी दुपारी, जुळी झोपलेली असताना. तेव्हा आई शेजारी बसते व इंग्रजी होते. तिसरी सायंकाळी, चौविहारानंतर. सकाळचा पहिला अर्धा तास सूनबाई मुद्दाम लहानांना देतात. त्यांचे पोट आणि आईच्या मांडीची हौस दोन्ही भागली की ती दुकानातील रिकामी खोकी घेऊन तासभर तरी आपली आपण रमतात. (आधी आम्ही खेळायला हरभरे दिले होते. एक दाणा नाकात गेला, डॉक्टरांपर्यंत धावपळ झाली. खोकीच बरी.) दहा ते एक हा पहारा माझा. दाराची बेल मी पाहतो, नाडी मी बांधतो, आणि ओटीपी माझा मीच वाचतो.

धाकट्यांना शिकवणे ताईला आवडते. भावाला शेकडेवारी समजावताना तिची स्वतःचीच उजळणी होते. पण ते अर्धा तास, तेही तिने होकार दिला तर. तिच्या अभ्यासावर भावंडांचा हक्क नाही, हे आम्हा मोठ्यांनाच आधी शिकावे लागले.

सगळे सुरळीत आहे, असे नाही. पाहुणे आले की व्यवस्था कोलमडते. लग्नसराईत दोन आठवडे वाळू हललीच नाही. दम्याचा जोर असेल त्या दिवशी तीनऐवजी एकच फेरी होते, आणि त्या दिवशी कोणी काही म्हणत नाही.

गणिताचा पेपर ऑक्टोबरमध्ये आहे. परवा पहाटे मी पाणी प्यायला उठलो, तर तिच्या खोलीत दिवा होता. वाळू संपलेली होती, तरी ती लिहीतच होती. मी हाक मारली नाही.