नदीची तब्येत सांगणारे किडे

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्याच्या केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर डासांचे उंच खांब घोंघावत असल्याची चित्रफीत घरोघरी पाहिली गेली. तिथून नदी मांजरी, लोणी काळभोर, थेऊर करत भीमेकडे जाते. असे खांब बहुधा डासांचे नसतात. कायरोनोमिड नावाच्या, न चावणाऱ्या बारीक माश्यांचे नर मादीच्या शोधात असे थवे करतात. त्यांच्या लाल अळ्या सांडपाण्याच्या गाळात वाढतात. अळ्यांच्या शरीरात आपल्या रक्तासारखे हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यातही त्या तग धरतात.

याच नदीच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीतल्या वाहत्या ओढ्यात दगड उलटून पाहिला, तर वेगळेच बिऱ्हाड दिसते. वाळूचे कण, काटक्या, पानांचे तुकडे चिकटवून केलेली बोटाच्या पेराएवढी नळी आणि तिच्यात एक अळी. ही कॅडिसफ्लाय. मोठी झाल्यावर ती पतंगासारखी दिसते, पण पंखांवर खवल्यांऐवजी केस असतात. बहुतेक जातींच्या अळ्यांना थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते.

जगात या किड्यांच्या १६ हजारांहून अधिक, तर भारतात हजाराहून अधिक जातींची नोंद झाली आहे. उष्ण कटिबंधातल्या जंगलांत अजून नवनव्या जाती सापडतात. भारतातल्या जातींवर १९३० च्या दशकात ब्रिटिश अभ्यासक मार्टिन मोझली यांनी लिहिले. पुढे मूळचे स्वित्झर्लंडचे फर्नांड श्मिड यांनी देशभर फिरून नमुने गोळा केले आणि शेकडो जातींचे वर्णन केले.

नवी जात शोधणे म्हणजे नेमके काय? अंधार पडला की ओढ्याकाठी पांढरा पडदा लावून त्यावर अतिनील दिवा सोडतात. उजेडाला आलेले किडे अल्कोहोलमध्ये ठेवतात. खरे काम पुढे, सूक्ष्मदर्शकाखाली सुरू होते. रंगरूपावरून दोन जाती ओळखणे अवघड, म्हणून नराच्या पोटाच्या टोकाची जननेंद्रिये रसायनाने स्वच्छ करून त्यांचा आकार पाहतात. तो आधीच्या सगळ्या वर्णनांशी ताडून पाहायचा, चित्रे काढायची, नाव द्यायचे आणि एक मूळ नमुना संग्रहालयात जपायचा. पुढच्या पिढीतला अभ्यासक शंका आल्यास तोच नमुना काढून पाहतो. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथेही असे प्राण्यांचे नमुने जपले जातात.

चुका थोरामोठ्यांकडूनही होतात. १८३४ मध्ये अमेरिकेतल्या आयझॅक ली यांनी शंखासारख्या वळणाचे वाळूचे घर पाहून त्याला गोगलगाय ठरवले होते. ते कॅडिसफ्लायच्या अळीचे घर निघाले. पाण्यातली अळी आणि हवेतला किडा एकाच जातीचे आहेत हे नजरेने सांगता येत नाही. आता डीएनएच्या तुकड्यावरून ती जोडी लावता येते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? पाण्याची बाटली भरून केलेली तपासणी त्या दिवसापुरते सांगते. अळी महिनोन्‌महिने त्याच पाण्यात राहते, त्यामुळे मध्यरात्री सोडलेले सांडपाणीही तिच्या हिशेबातून सुटत नाही. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या पद्धतीत किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण देतात. कॅडिसफ्लायच्या अनेक कुळांना १०, कायरोनोमिडला २. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही भारतीय नद्यांसाठी असे जैविक निकष केले आहेत. मात्र एकाच कुळातली एक जात थोडी घाण सोसते, तर दुसरी आधीच नाहीशी होते. हा बारीक फरक कळायला जातींची नावे हवीत, त्या कुठे राहतात याची नोंद हवी.

औषधशास्त्रालाही यात रस आहे. ही अळी पाण्यातच रेशीम सोडते आणि ओल्या दगडाला वाळू चिकटवते. आपल्याकडचे बहुतेक गोंद ओल्या जागी सुटतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातील संशोधकांनी या रेशमाची रासायनिक घडण उलगडली. शरीरातल्या ओल्या जखमा चिकटवणारा पदार्थ त्यावरून करता येईल का, हा त्यामागचा विचार.

लोणी काळभोरपर्यंत येताना नदीने पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी पोटात घेतलेले असते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इथल्या दगडांखाली कोणत्या जाती होत्या, याची यादी कोणी केली असती, तर नदी सुधारल्यावर कोण परतायला हवे हे ठरवता आले असते. वरच्या ओढ्यांची यादी करायला अजून वेळ आहे. पण तिथेही रस्ते, बंगले आणि बांध पोहोचू लागले आहेत.