वजाबाकीचं विकर

पशुखाद्यामागचं रसायन : भाग 9

नेदरलँड्सच्या दक्षिणेला नॉर्थ ब्राबंट नावाचा प्रांत आहे. जमीन रेताड, आणि डुकरं लाखोंनी. 1980च्या दशकात इथल्या वराहपालकांना खाद्याची चिंता नव्हती. रॉटरडॅम बंदरात थायलंडचा टॅपिओका आणि अमेरिकेतली सोयापेंड जहाजं भरभरून उतरत होती. अडचण दुसऱ्या टोकाला होती : एवढ्या डुकरांची विष्ठा टाकायची कुठे? खत जास्त झालं तरी मका ते सोसतो, म्हणून ती मक्याच्या शेतांत ओतली जाई. जमिनीची फॉस्फेट धरून ठेवायची ताकद संपली की उरलेलं चर-ओढ्यांत उतरे आणि पाणी शेवाळाने हिरवं होई. 1984 साली सरकारने नवे वराह आणि कुक्कुट प्रकल्प सुरू करण्यावर बंदी घातली. 1987पासून हेक्टरी किती फॉस्फेट टाकायचं यालाही मर्यादा आली. मक्याच्या शेताला ती सुरुवातीला 350 किलो होती.

हे फॉस्फेट विष्ठेत इतकं येतं कुठून?

मागच्या भागात कॅल्शियमचा हिशेब आला होता. हाडं घडवण्यात त्याचा जोडीदार असलेला फॉस्फरस जास्त हट्टी आहे. मका आणि सोयापेंड यांच्या साध्या मिश्रणात किलोमागे साधारण साडेतीन ग्रॅम फॉस्फरस असतो. 25 ते 50 किलो वजनाच्या वाढत्या डुकराला खाद्याच्या किलोमागे सुमारे तीन ग्रॅम पचणारा फॉस्फरस लागतो. म्हणजे कागदावर माल गरजेपेक्षा जास्तच. प्रत्यक्षात पचतो तो जेमतेम दीड ग्रॅम. मक्यातल्या फॉस्फरसपैकी फक्त एक तृतीयांशाच्या आसपास डुकराच्या अंगी लागतो. बाकीचा असून नसल्यासारखा.

याचं कारण फायटिक आम्ल. बी आपला फॉस्फरस या रूपात साठवते : इनॉसिटॉलचं एक कडं आणि त्याला टाचलेले सहा फॉस्फेट गट. धान्यातला आणि पेंडीतला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस असा अडकलेला असतो. बीला अंकुर फुटताना तो मोकळा करायला ती स्वतःच फायटेज हे विकर तयार करते. मटकीला मोड येताना हेच घडतं. गाई-म्हशींना अडचण नाही, कारण त्यांच्या पहिल्या पोटातले जिवाणू हे काम करतात. डुकराच्या आतड्यात मात्र फायटेज नावापुरतंच असतं. शिवाय फायटिक आम्ल जस्तालाही धरून ठेवतं. डुकरांच्या कातडीवर खपल्या धरण्याच्या रोगाचं मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे 1955 साली अमेरिकेत सिद्ध झालं, तेव्हा पेंडीतल्या या आम्लाकडेही बोट दाखवलं जाऊ लागलं.

फॉस्फरस कमी पडला की पिल्लांची भूक मंदावते, ती लंगडतात, हाडं ठिसूळ होतात. त्यावर जुना उपाय म्हणजे डायकॅल्शियम फॉस्फेट, बाजारातलं डीसीपी. खाणीतला खडक आम्लात विरघळवून ते बनवतात. या पद्धतीत पैसे दोनदा जातात : एकदा डीसीपी विकत घेताना आणि पुन्हा न पचलेला फॉस्फरस शेताबाहेर वाहून नेताना.

विकराची कल्पना नवी नव्हती. जपानी शास्त्रज्ञ उमेतारो सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1907 सालीच तांदळाच्या कोंड्यात फायटेज शोधलं होतं. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या, तेही फॉस्फेट विकणाऱ्या एका कंपनीतल्या संशोधकांनी बुरशीपासून मिळवलेलं फायटेज कोंबडीच्या पिल्लांना खाऊ घालून पाहिलं. परिणाम दिसला, पण बुरशी ते इतकं कमी बनवे की डीसीपीच स्वस्त पडे. मार्ग निघाला तो जनुकशास्त्रामुळे. ॲस्परजिलस नायजर या बुरशीत फायटेजच्या जनुकाच्या जादा प्रती घालून उत्पादन कैकपटींनी वाढवण्यात आलं. डच संशोधकांनी 1990 साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये निष्कर्ष मांडले : वाढत्या डुकरांच्या विष्ठेतला फॉस्फरस 35 टक्क्यांनी घटला होता. पुढच्याच वर्षी डेल्फ्टच्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीचं ‘नॅटुफॉस’ बाजारात आलं. ज्या देशात विष्ठेचा प्रश्न सर्वांत तापला होता, तिथेच त्याला गिऱ्हाईक तयार होतं.

फायटेजची ताकद एफटीयू या एककात मोजतात. किलोभर खाद्यात 500 एफटीयू हा रूढ डोस. ग्रॅममध्ये 5,000 एफटीयू असलेली पूड घेतली, तर टनभर खाद्याला फक्त 100 ग्रॅम पुरते. हजार किलोंत शंभर ग्रॅम सारखी पसरावी म्हणून ती आधी थोड्या भरड्यात मिसळून घेतात. एवढ्याने किलोमागे 0.8 ते 1 ग्रॅम पचणारा फॉस्फरस मोकळा होतो आणि टनामागे पाच-सहा किलो डीसीपी वगळता येतं.

कळीचा मुद्दा या वगळण्यातच आहे. डीसीपी तसंच ठेवून वरून फायटेज टाकलं, तर डुक्कर जास्त फॉस्फरस शोषतं खरं, पण गरजेपुरता वापरून उरलेला लघवीतून टाकतं. खाद्यातून आत आलेला आणि शरीरात राहिलेला यांतला फरक बाहेर पडणारच. विष्ठेत घट दिसते, खड्ड्यातल्या एकूण मलमूत्रात दिसत नाही. प्रदूषण कमी होतं ते खाद्याचं सूत्र नव्याने मांडून गोणीतलं डीसीपी कमी केल्यावरच.

दुसरी सावधगिरी चुनखडीची. फायटेजचं बहुतेक काम जठरातल्या आम्लात, काही तासांत उरकतं. स्वस्त म्हणून चुनखडी सढळ हाताने घातली, तर ती आम्लता मारते आणि कॅल्शियम फायटिक आम्लाला घट्ट धरतं. विकराला पकडच मिळत नाही. तिसरी उष्णतेची. पेलेट बनवताना वाफेने खाद्य 80-90 अंशांपर्यंत तापतं, आणि साधं विकर तिथेच निकामी होतं. गव्हात मुळातच असलेलं फायटेजही या वाफेत जातं. म्हणून विकराच्या दाण्यांवर लेप देतात, उष्णता सोसणारे वाण वापरतात किंवा पेलेट थंड झाल्यावर विकराचं द्रावण फवारतात. नंतर आलेली इ. कोलाय जिवाणूच्या जनुकापासूनची फायटेजं जठरातल्या तीव्र आम्लात आणि पेप्सिनपुढे जास्त टिकाव धरतात.

कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठाने तर हेच जनुक थेट डुकरात घातलं. ‘एन्व्हायरोपिग’च्या लाळेतच फायटेज होतं, आणि 2001 साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार त्याच्या विष्ठेतला फॉस्फरस 75 टक्क्यांपर्यंत कमी भरला. पण जनुक बदललेलं मांस विकायला परवानगी मिळाली नाही, 2012 साली ऑन्टारिओच्या वराहपालक संघटनेने पैसा थांबवला आणि तो कळप संपवण्यात आला. तोवर 100 ग्रॅमची पूड जगभरच्या खाद्य कारखान्यांत नेहमीची झाली होती, आणि तिच्यासाठी डुक्कर बदलावं लागत नव्हतं.

पुढच्या भागात : गव्हाचं खाद्य पोटात चिकट का होतं आणि झायलानेज त्यावर काय करतं.