भिगवणची बोटसफारी : जावे की नाही? निघण्यापूर्वी हे तपासा

हिवाळा सुरू झाला की रोहित पक्ष्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. दौंड-शिरूरकरांना उजनीचा हा फुगवटा सुट्टीच्या एका दिवसात उरकण्यासारखा आहे. पण दुपारी चहा घेत नौकाविहार, अशा कल्पनेने गेलात तर निराशा होऊ शकते.

नेमके काय मिळते?
भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ परिसरात स्थानिक मच्छीमार साध्या बोटीतून पक्षी दाखवतात. ही आलिशान क्रूझ नव्हे. चहा-नाश्ता काठावरच घ्यायचा.

कधी जावे?
साधारण डिसेंबर ते मार्च. वेळ सकाळची. तेव्हा वारा कमी, ऊन कोवळे आणि पक्षी चरताना दिसतात.

धरणाची टक्केवारी का पाहावी?
रोहित पक्षी उथळ पाण्यातल्या चिखलातून खाद्य गाळून घेतो. धरण तुडुंब असेल तर उथळ जागा पाण्याखाली असतात, त्यामुळे पक्षी उशिरा येतात किंवा विखुरतात. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आहे. म्हणूनच बातमीत 'उणे' साठा दिसला तरी पाणी असते. निघण्यापूर्वी नावाड्याला फोन करून पक्षी कुठे आहेत, हे विचारा.

रोहित दिसलेच नाहीत तर?
चित्रबलाक, पट्टकदंब, शराटी, नदी सुरय हे पक्षी असतातच. फक्त गुलाबी थव्यासाठी जाणार असाल, तर खात्री करूनच निघा.

सुरक्षिततेचे काय?
२१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जणांचा मृत्यू झाला. ती पर्यटकांची बोट नव्हती, पण पाणी तेच. म्हणून लाइफ जॅकेट प्रत्येकाला, लहान मुलांना त्यांच्या मापाचे. ते नसेल किंवा वारा सुटला असेल, तर बोटीत बसू नका. पैसे गेले तरी चालतील.

कसे जाल?
दौंडहून सोलापूरकडे जाणाऱ्या, भिगवणला थांबणाऱ्या रेल्वेने किंवा रस्त्याने. शिरूरहून न्हावरा-चौफुलामार्गे सोलापूर महामार्गाला लागा. भाडे बोटीचे की माणशी, हे आधीच ठरवा.

थोडक्यात
पक्ष्यांची आवड आणि पहाटे उठायची तयारी असेल, तर जरूर जा. नुसता निवांत चहा हवा असेल, तर बोटीचे भाडे वाचवा आणि भिगवणला मासे खाऊन परत या.