रॉकेटवरचा कॅमेरा

हौशी रॉकेटमधून काढलेल्या हवाई छायाचित्राची प्रत बहुतांशी एका क्षणावर ठरते. इंजिन जळत असताना रॉकेट थरथरते, वेगाने चढते आणि अनेकदा स्वतःभोवती फिरते. तेव्हाचे चित्र अस्पष्ट येते. इंजिन विझल्यावर रॉकेट मिळालेल्या वेगावर चढत राहते. शिखराजवळ त्याची गती सर्वांत कमी होते आणि तिथला फोटो स्पष्ट येतो.

जर्मन अभियंता आल्फ्रेड मौल याने १९०३ मध्ये रॉकेट-कॅमेऱ्याचे पेटंट घेतले. १९१२ मधील त्याचे रॉकेट ४१ किलोचे होते आणि कॅमेरा स्थिर राहावा म्हणून त्यात जायरोस्कोप बसवला होता. लष्करी टेहळणीसाठी विमाने आली आणि हा प्रयत्न मागे पडला. हौशी मंडळींच्या हाती रॉकेट-कॅमेरा अमेरिकेतील एस्टेस कंपनीने दिला. तिच्या १९६५ च्या ‘कॅमरॉक’ कॅमेऱ्यात एका उड्डाणात एकच फोटो निघे, १९७० च्या ‘सिनेरॉक’ने चलचित्र टिपले.

इंजिनावरील ‘सी६-५’ या खुणेत ‘सी’ हे एकूण आवेगाचा वर्ग दाखवते, ६ हे न्यूटनमधील सरासरी बल आणि ५ हा इंजिन विझल्यानंतरचा सेकंदांतील विलंब. विलंब संपताच छोटा स्फोट होऊन टोकाचा शंकू सुटतो आणि पॅराशूट उघडते. कॅमरॉकचे शटरही याच झटक्याने चाले. कॅमेऱ्याच्या वजनाने रॉकेट कमी उंच जाते, त्यामुळे योग्य विलंबाचे इंजिन निवडावे लागते.

३०० मीटर उंचीवरून सरळ खाली पाहणाऱ्या, दोन्ही दिशांना ६० अंश दृश्यकोनाच्या कॅमेऱ्यात सुमारे ३५० मीटर लांबी-रुंदीची, म्हणजे जवळपास ३० एकर जमीन मावते. उदाहरणार्थ, उदगीरच्या शिवारात एवढ्या चौकटीत बांध, नाले, विहिरी आणि पिकांचे पट्टे एकत्र दिसतील. मात्र तुरीच्या वाळलेल्या धसकटांत ठिणगी पडली तर आग लागेल, म्हणून उड्डाणाची जागा आधी साफ करावी लागते. वारा मंद हवा, वर विमान नको आणि पेटवणे दुरून, विजेच्या साहाय्यानेच.

भारतात इंजिनातील ज्वालाग्राही द्रव्य स्फोटक कायदा, १८८४ आणि २००८ च्या नियमांखाली येते. त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. घरी असे मिश्रण बनवणे धोक्याचे आहे. हवेत एकाच जागी थांबून नकाशासारखे फोटो घ्यायचे असतील, तर ड्रोन सोयीचा.