‘चेहरा दिसला नाही’ म्हणणारा साक्षीदार

1985 ते 1987 या काळात मुंबईत सायन आणि किंग्ज सर्कल परिसरात फुटपाथवर झोपलेल्या सुमारे बारा जणांचे खून झाले. पद्धत एकच: एकट्याने झोपलेल्या माणसाच्या डोक्यात जड दगड घालायचा. या खुन्याला पुढे ‘स्टोनमॅन’ नाव पडलं. बहुतेक मृतांची ओळख पटवायला कोणी आलंच नाही. हॉटेलात काम करणारा एक वेटर तेवढा हल्ल्यातून बचावला. पण जागा अंधारी होती, हल्लेखोराचा चेहरा त्याला दिसला नाही. खुनी आजवर सापडलेला नाही.

त्या वेटरला चेहरा दिसला असता तर, ही हळहळ साहजिक आहे. मला मात्र त्याने ‘दिसला नाही’ म्हणणं फार मोलाचं वाटतं. शहर भेदरलेलं असताना संशयितांच्या रांगेसमोर उभं राहून ‘हाच तो’ म्हणून टाकणं सोपं असतं, आणि त्याने एखादा निरपराध आयुष्यातून उठतो.

असं बोट दाखवणारा खोटारडाच असतो असं नाही. अंधुक उजेडात डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत. सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो. म्हणून रात्रीच्या साक्षीत शर्टाचा रंग आला की दिवा कुठे होता, अंतर किती होतं, हे आधी विचारावं. हातात शस्त्र असेल तर नजर चेहऱ्याऐवजी शस्त्रावर खिळते.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे साक्षीदाराची खात्री. 1998 मध्ये गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड या मानसशास्त्रज्ञांनी चुकीच्या माणसाला ओळखणाऱ्यांपैकी काहींना ‘बरोबर ओळखलंत’ एवढंच सांगितलं. त्यांची खात्री तर वाढलीच; शिवाय गुन्हेगार आपल्याला घटनेच्या वेळीच नीट दिसला होता, असंही ते सांगू लागले! कोर्टातल्या ठाम आवाजापेक्षा पहिल्या जबाबातलं अडखळणं मला जास्त विश्वासाचं वाटतं, ते यामुळे.

साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 च्या वडिवेलू थेवर खटल्यातच सांगितलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार ओळख परेडमध्ये एका संशयितासोबत निदान सहा मिळतीजुळती माणसं उभी करायची असतात आणि साक्षीदाराने संशयिताला आधी पाहिलेलं नसावं लागतं. फोटो छापून आला की हा नियम कोलमडतो.

2006-07 मध्ये चर्चगेट-मरीन लाइन्स भागात ‘बीअरमॅन’ नावाने गाजलेल्या खुनांचं काय झालं? एकाला एका खुनात जानेवारी 2009 मध्ये शिक्षा झाली, त्याच वर्षी उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. ते प्रकरणही उघडंच राहिलं.

याउलट 1968 मध्ये फौजदार अ‍ॅलेक्स फियालो यांनी, मुंबईत फुटपाथवर झोपलेल्यांचेच खून करणाऱ्या रमन राघवला रस्त्यात ओळखलं, तेव्हा त्याचा फोटो आणि वर्णन पोलिसांकडे आधीपासून होतं. म्हणजे ती ओळख पडताळून पाहता येत होती.

किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर रात्र काढणारे आणखीही लोक होते. कायमचा पत्ता नसलेल्यांचा जबाब त्याच रात्री, त्यांच्याच शब्दांत, कुणाचंही नाव न सुचवता लिहून घ्यावा लागतो. आठवडा उलटला की तो माणूस दुसऱ्या पुलाखाली गेलेला असतो.