देवीची लस आणि बुळकांडी

लहरीपुऱ्यातील वडीलधाऱ्यांना ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग परिचित आहे. ती लस वासरांच्या त्वचेवर वाढवीत. १९८८ मध्ये टिलाहुन यिल्मा व सहकाऱ्यांनी त्याच लसीच्या विषाणूत गुरांच्या बुळकांडीचे एक जनुक बसवून पुनःसंयोजित लस सिद्ध केली. त्यातून बुळकांडी-विषाणूच्या आवरणावरील एकच प्रथिन निर्माण होते. शरीर प्रतिकार शिकते, रोग जडत नाही. शिवाय टोचलेले जनावर आणि रोगातून उठलेले जनावर रक्ततपासणीत निराळे ओळखता येते. माझ्या मते हाच तिचा मोठा गुण. प्लोराइटांच्या जुन्या लसीत तो भेद कळत नसे. तरीही बुळकांडी हटली ती जुन्या लसीनेच. भारताला मात्र टोचणी थांबवून, पुढे गुरांचे रक्त तपासत राहून, २००६ मध्ये रोगमुक्ती सिद्ध करावी लागली.